बँका, कायदा आणि आपण

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी सप्ताहात झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



समितीने मला सांगितलं की, "साहेब, बँकिंगवर काहीतरी बोला, पण आकडे कमी सांगा." छत्तीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला आकडे कमी सांगा म्हणणं म्हणजे हलवायाला गोड कमी वाढा म्हणण्यासारखं आहे. तरी प्रयत्न करतो.

निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली, पण खातं काही सुटत नाही. संध्याकाळी गेटजवळच्या बाकावर बसलो की कोणी ना कोणी विचारतं, "काका, अमुक पतसंस्था साडेबारा टक्के देते, ठेवू का?" "साहेब, मोबाईलवरून पैसे गेले, आता काय करायचं?" "मेहुण्याच्या कर्जाला सही करू का?" हे प्रश्न साधे वाटतात. पण देशातल्या कोर्टांत आणि ग्राहक आयोगांत बँकांविरुद्ध जे दावे चालतात, ते बहुतेक याच चार-पाच प्रश्नांमधून निघालेले असतात.

आपल्याकडे व्यवहार ओळखीवर चालतो. जालन्याच्या मोंढ्यात लाखांचा माल शब्दावर उठतो आणि शब्द पाळलाही जातो. मी त्याला नावं ठेवणार नाही, या गावाची ती कमाई आहे. पण तीच सवय घेऊन आपण बँकेत जातो. "मॅनेजर ओळखीचा आहे", "चेअरमन आपल्या गावचे आहेत" एवढ्यावर आयुष्यभराची पुंजी ठेवतो. प्रकरण कोर्टात गेलं की तिथे ओळख कोणी विचारत नाही. तिथे दोनच गोष्टी विचारतात, कागद कुठे आहे आणि तारीख कोणती आहे. आजचं माझं सगळं बोलणं या दोन शब्दांभोवतीच आहे.

बँकेवर नजर कोणाची?

बँकांसाठीचा मुख्य कायदा म्हणजे बँकिंग विनियमन कायदा, १९४९. लायसन्स देणं, तपासणी करणं, निर्बंध घालणं आणि वेळ आली तर लायसन्स काढून घेणं, हे अधिकार रिझर्व्ह बँकेला या कायद्याने आहेत. सहकारी बँकांना तो १ मार्च १९६६ पासून लागू झाला. मात्र पुढे कित्येक वर्षं सहकारी बँकेला दोन मालक होते. बँकिंग रिझर्व्ह बँकेकडे आणि संचालक मंडळ, निवडणुका वगैरे सहकार खात्याकडे. दोन शिक्षकांचा एक वर्ग, मग वर्गात काय होतं ते तुम्हाला माहीत आहे.

सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबईच्या पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर, म्हणजे पीएमसी बँकेवर, निर्बंध आले. सुरुवातीला ठेवीदाराला सहा महिन्यांत फक्त १००० रुपये काढायला परवानगी होती. लोक बँकेच्या दारात रडत होते, ते आपण टीव्हीवर पाहिलं. त्यानंतर २०२० मध्ये कायदा बदलला आणि सहकारी बँकांवर रिझर्व्ह बँकेचा अधिकार बराच वाढला.

तुम्ही म्हणाल, हे मुंबईचं झालं. तर आपल्याच जिल्ह्यात या. १७ नोव्हेंबर २०२० रोजी मंठा अर्बन को-ऑपरेटिव्ह बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले, पैसे देणं आणि कर्ज देणं दोन्ही थांबलं. दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. फेब्रुवारी २०२२ मध्ये या बँकेचं लायसन्सच रद्द झालं. मंठा इथून काही फार लांब नाही. आपल्यातल्या कित्येकांची सोयरीक त्या बाजूची आहे. तेव्हा बँक बुडणं ही फक्त पेपरातली बातमी आहे, असं कोणी समजू नये.

विमा: पाच लाखांचा नेमका अर्थ

बँक बंद पडली तर ठेवीदाराचं काय? याचं उत्तर शोधायला देशाला एक धक्का लागला, आणि तो आपल्या शेजारच्या विदर्भातून सुरू झाला. १९६० च्या जूनमध्ये अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली आणि ऑगस्टमध्ये केरळातली पलाई सेंट्रल बँक. लोक घाबरले. मग ठेव विम्याचा कायदा झाला आणि १ जानेवारी १९६२ पासून विमा सुरू झाला. तेव्हा मर्यादा होती १५०० रुपये. १९९३ मध्ये ती एक लाख झाली आणि ४ फेब्रुवारी २०२० पासून पाच लाख आहे. विम्याचा हप्ता बँक भरते, तुम्हाला काही द्यावं लागत नाही.

पूर्वी अडचण अशी होती की बँकेवर निर्बंध असले पण ती अधिकृतपणे बंद झालेली नसली, तर विम्याचे पैसे अडकून पडायचे. पुण्याच्या रुपी बँकेवर फेब्रुवारी २०१३ मध्ये निर्बंध आले आणि लायसन्स रद्द झालं ते थेट २०२२ मध्ये. साडेनऊ वर्षं! २०२१ च्या दुरुस्तीने हे बदललं. १ सप्टेंबर २०२१ पासून नियम असा की निर्बंध लागल्यावर साधारण ९० दिवसांत पाच लाखांपर्यंतची रक्कम मिळाली पाहिजे. त्यातले पहिले ४५ दिवस बँकेने ठेवीदारांची यादी आणि दावे पाठवायला आहेत. या पहिल्या यादीत मंठ्याची बँकही होती.

आता पाच लाखांचा हिशेब नीट ऐका, कारण इथे भलेभले चुकतात. मर्यादा प्रत्येक पावतीला नाही, प्रत्येक माणसाला आहे. एका बँकेच्या सगळ्या शाखांतल्या तुमच्या एकट्याच्या नावावरच्या बचत, चालू आणि मुदत ठेवी एकत्र मोजतात, आणि व्याजसुद्धा त्यातच धरतात. मुख्य शाखेत चार लाख आणि दुसऱ्या शाखेत तीन लाख असतील तर विमा सातचा नाही, पाचचाच. पती-पत्नीच्या जोड नावावरची ठेव मात्र वेगळी धरली जाते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. हा विमा बँकेला आहे. पतसंस्थेला नाही आणि मल्टिस्टेट सोसायटीलाही नाही. पतसंस्था राज्याच्या सहकार कायद्याखाली येते. मल्टिस्टेट ही २००२ च्या केंद्रीय कायद्याखाली येते आणि तिचा निबंधक दिल्लीत बसतो. दोन्हींवर रिझर्व्ह बँकेची नजर नाही. काचेचं काउंटर, टोकन, गणवेश, पासबुक, सगळं बँकेसारखं दिसतं, पण पाटीवर "बँक" हा शब्द नसतो. बीडच्या ज्ञानराधा मल्टिस्टेटमध्ये मराठवाड्यातल्या हजारो कुटुंबांचे पैसे २०२३ पासून अडकले. गुन्हे दाखल झाले, ईडीची चौकशी झाली. दोष कोणाचा ते कोर्ट ठरवेल, त्यावर मी बोलणार नाही. मी फक्त ठेवीदाराकडे बघतो. मुलीच्या लग्नाचे, ऊस-कापसाचे, निवृत्तीचे पैसे होते ते. अशा प्रकरणात ठेवीदारासाठी महाराष्ट्रात १९९९ चा एमपीआयडी कायदा आहे. त्यात मालमत्ता जप्त करून, विकून पैसे वाटण्याची सोय आहे. पण तो रस्ता लांबचा आहे, आणि ज्याच्याकडे मूळ पावती आहे तोच त्यावर चालू शकतो.

सगळ्याच पतसंस्था वाईट असतात असं मी म्हणत नाही. चांगल्या, जुन्या, नेकीने चालणाऱ्या संस्था आपल्या जिल्ह्यात आहेत. पण दोन-तीन टक्के जास्त व्याज का मिळतं, हा प्रश्न स्वतःला विचारा. ते जास्त व्याज म्हणजे तुम्ही उचललेल्या जोखमीची मजुरी आहे.

चेकवरची खोटी सही

आता दाव्यांकडे वळू. बँकेविरुद्धचा सगळ्यात जुना दावा म्हणजे खोट्या सहीचा चेक. कॅनरा बँक विरुद्ध कॅनरा सेल्स कॉर्पोरेशन हा १९८७ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवायचे. कंपनीचा चेकबुक ज्याच्या ताब्यात होता त्या हिशेबनिसानेच खोट्या सह्या करून ४२ चेक वटवले. बँक म्हणाली, तुम्ही पासबुक वेळेवर का नाही तपासलं? कोर्ट म्हणालं, खोटी सही म्हणजे खातेदाराचा आदेशच नाही, आणि आदेश नसताना दिलेले पैसे बँकेचेच गेले. ग्राहकाच्या बाजूचा हा मोठा निकाल आहे. तरी माझा सल्ला असा की कोऱ्या चेकवर सही करून ठेवू नका, मुलाकडेसुद्धा देऊ नका. कारण तिथे सही खरी असते, मग बँकेला जबाबदार धरणं फार अवघड होतं.

मोबाईलवरून गेलेले पैसे

आजकाल चेकची जागा मोबाईलने घेतली. याबाबत रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक आहे, सहकारी बँकांसाठी तसंच परिपत्रक डिसेंबर २०१७ मध्ये आलं. त्याचा अर्थ सोपा करून सांगतो.

चूक बँकेची असेल तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. चूक ना बँकेची ना तुमची, मधल्याच कुठल्या यंत्रणेतून पैसे गेले, तर बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामकाजी दिवसांत कळवलं की तरीही शून्य. चार ते सात दिवसांत कळवलं तर साध्या बचत खात्याला जास्तीत जास्त १०,००० रुपयांचा फटका. त्यापुढे बँकेच्या धोरणाप्रमाणे. तक्रार आल्यावर दहा कामकाजी दिवसांत बँकेने ती रक्कम तात्पुरती खात्यात जमा दाखवायची असते, आणि ग्राहक चुकला हे सिद्ध करायची जबाबदारी बँकेवर असते.

पण तुम्ही स्वतःच ओटीपी किंवा पिन सांगितला असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं आणि कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून लाजू नका, भिऊ नका, "मुलगा रागावेल" म्हणून लपवू नका. पहिल्या तासात १९३० या नंबरवर फोन, त्यानंतर बँकेला फोन आणि त्याच दिवशी शाखेत लेखी अर्ज. अर्जाच्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. इथे एक एक दिवस पैशांत मोजला जातो.

लॉकर

भगिनींनो, हा भाग तुमच्यासाठी. कोलकात्याचे एक गृहस्थ होते, युनायटेड बँकेत त्यांचं लॉकर. भाडं भरलेलं असताना बँकेने १९९४ मध्ये, त्यांना न कळवता लॉकर फोडलं. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे सात दागिने होते, हातात आले दोन. १९ फेब्रुवारी २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पाच लाख भरपाई आणि एक लाख खर्च द्यायला सांगितलं, आणि रिझर्व्ह बँकेला नवे नियम करायला लावले. ते १ जानेवारी २०२२ पासून लागू आहेत.

नव्या नियमाप्रमाणे आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणं किंवा कर्मचाऱ्याची लबाडी यामुळे नुकसान झालं तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभरपट. आता गणित करा. भाडं दोन हजार असेल तर भरपाई दोन लाख. आजच्या भावात दोन लाखांत सोनं किती येतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. आत किती सोनं आहे हे बँकेला माहीत नसतं, म्हणून दागिन्यांचे फोटो आणि सराफाच्या पावत्या घरी ठेवा. नवा करारनामा सही केला आहे का तेही बघा.

जामीनदार आणि जप्ती

"नुसती सही तर करायची आहे." या वाक्याने आपल्या भागात जेवढी घरं अडचणीत आणली, तेवढी दुष्काळानेही आणली नसतील. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. बँक ऑफ बिहारच्या १९६८ च्या खटल्यात खालच्या कोर्टाने म्हटलं होतं, आधी कर्जदाराकडून वसूल करा, मग जामीनदाराकडे जा. सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केलं. बँक थेट जामीनदाराकडे जाऊ शकते. एक मास्तर माझ्या शाखेत यायचे. सहकाऱ्याला जामीन राहिले होते. सहकारी बदली होऊन गेला आणि हप्ता यांच्या पगारातून कापला जायचा. दर महिन्याला स्लिप घेऊन यायचे आणि विचारायचे, "साहेब, कर्ज मी घेतलं होतं का?" कायद्याकडे त्याचं उत्तर होतं, पण ते त्यांना सांगायला माझी जीभ रेटत नसे.

घर तारण असेल तर २००२ चा सरफेसी कायदा लागतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या मुरगूडच्या एका सहकारी बँकेच्या प्रकरणात ५ मे २०२० रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने सांगितलं की सहकारी बँकाही हा कायदा वापरू शकतात. शेतजमिनीला तो लागत नाही, पण फ्लॅटला लागतो. या कायद्यात तारखाच तारखा आहेत. आधी ६० दिवसांची नोटीस. तुम्ही लेखी हरकत घेतली तर बँकेने १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यायचं. ताबा घेतला तर ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात दाद मागायची. आपल्यासाठी ते छत्रपती संभाजीनगरला आहे. लोक काय करतात? नोटीस न घेता परत पाठवतात आणि नंतर दिवाणी कोर्टात धाव घेतात. दिवाणी कोर्टाला या कायद्याने अशा दाव्यांची मनाई आहे, तोवर ४५ दिवस संपलेले असतात. नोटीस परत पाठवल्याने संकट परत जात नाही. नोटीस घ्या, वाचा आणि उत्तर द्या.

आणि कर्ज फिटलं तर? १ डिसेंबर २०२३ पासून नियम आहे की कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागदपत्रं परत मिळाली पाहिजेत. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५००० रुपये भरपाई. ही गोष्ट फार थोड्यांना माहीत आहे.

नॉमिनी म्हणजे वारस नव्हे

नॉमिनी म्हणजे बँकेकडून पैसे घेणारा हात. त्या पैशांचा मालक कोण, हे मृत्युपत्र किंवा वारसा कायदा ठरवतो. सर्वोच्च न्यायालयाने हे एकापेक्षा जास्त वेळा सांगितलं आहे. भावाभावांत निम्मी भांडणं या एका गैरसमजातून होतात. म्हणून नॉमिनी लावाच, पण मृत्युपत्रही करा. १ नोव्हेंबर २०२५ पासून ठेवींना चार नॉमिनी लावता येतात आणि कोणाला किती टक्के तेही लिहिता येतं.

तक्रार कुठे?

आधी शाखेत, लेखी. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. फी नाही, वकील लागत नाही, माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे. मात्र तेच प्रकरण आधीच कोर्टात नेलं असेल तर लोकपाल ते घेत नाही, म्हणून क्रम चुकवू नका. त्यानंतर आपल्या जिल्ह्याचा ग्राहक आयोग जालन्यातच आहे. तिथे दोन वर्षांची मुदत असते. काउंटरवर केलेलं भांडण तक्रार धरत नाहीत, मग आवाज कितीही मोठा असो.

आपल्या सोसायटीसाठी

आता शेवटचं, आणि यासाठीच मी एवढा वेळ घेतला. पंचवीस वर्षं आपण दर महिन्याला मेंटेनन्ससोबत सिंकिंग फंड भरतो आहोत. इमारत जुनी होते आहे. पुढे गच्ची, पाण्याच्या लाइन, रंग, सगळं त्याच पैशांतून व्हायचं आहे. पीएमसी बँकेत मुंबईच्या कितीतरी गृहनिर्माण सोसायट्यांचे असेच फंड अडकले होते. विम्याच्या दृष्टीने अख्खी सोसायटी हा एकच ठेवीदार. समजा फंड वीस लाख आहे आणि तो एका बँकेत आहे, तर विमा पाचचाच. साठ कुटुंबांचे पैसे असले तरी पाचच.

म्हणून कार्यकारिणीला माझ्या तीन विनंत्या आहेत. एक, फंड वेगवेगळ्या बँकांत ठेवा, आणि सहकार कायद्याच्या कलम ७० च्या चौकटीतच ठेवा. दोन, जास्त व्याजासाठी एकही रुपया विमा नसलेल्या संस्थेत नको, चेअरमन कितीही ओळखीचे असोत. तीन, दरवर्षी वार्षिक सभेत सगळ्या ठेवींची यादी बोर्डावर लावा, बँकेचं नाव, रक्कम आणि मुदत संपण्याची तारीख यांसह. हा कोणावर अविश्वास नाही. हिशेब उघडा असला की पदाधिकाऱ्यांचीही झोप चांगली होते.

आणि सभासदांना एक विनंती. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी दहा ते बारा मी सोसायटीच्या ऑफिसात बसेन. पासबुक, ठेवीच्या पावत्या, लॉकरचा करार, आलेली नोटीस, जे असेल ते घेऊन या, आपण एकत्र वाचू. नॉमिनीचे फॉर्म मी आणून ठेवतो. फक्त पिन आणि ओटीपी आणू नका. ते मलासुद्धा सांगायचे नाहीत.